आडवारी वासोटा

आमच्या सांगलीकडची मंडळी शनिवारी रात्री गाडी काढतात, रविवारी साताऱ्याजवळचा वासोटा किल्ला मारतात आणि सोमवारी ऑफिसात डुलक्या घेतात. मीही दोनदा तेच केलंय. यंदा डिसेंबरात लेकीची सुट्टी आणि मेहुण्याची रजा नेमकी बुधवारी जुळली, म्हणून आम्ही तिघं मंगळवारी दुपारी निघालो. आडवारी, म्हणजे सुट्टीचा वार सोडून गेल्यावर, वासोट्याची बोट जिथून सुटते ते बामणोली वेगळंच गाव वाटलं.

पेट्रोल साताऱ्यातच भरा आणि रोख पैसेही तिथंच काढा. पुढे मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, आणि रेंज नाही तिथं क्यूआर कोडही चालत नाही. एसटीही जाते, पण फेऱ्या मोजक्या, तेव्हा वेळ स्टँडवर विचारून घ्यावी. यवतेश्वरचा घाट चढून कास पठारावर आलो तर नुसतं वाळकं गवत. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांच्या हंगामात इथं प्रवेशशुल्क भरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. त्या शुल्कातून आसपासच्या गावांतल्या पोरांना राखणीचं, पार्किंगचं, वाट दाखवायचं काम मिळतं. व्यवस्था चांगलीच आहे, पण फुलं वाळली की गर्दीही वाळते. मग ह्या रस्त्याने पुढे बामणोलीला जाणारा वासोटेकरी तेवढा उरतो, तोही रविवारचाच.

मुक्काम गावातल्या एका घरी होता. असं घर ठरवलंत तर आदल्या दिवशी फोन करून माणसं किती आणि शाकाहारी किती ते सांगा. दळण, भाजी, मासे, सगळं त्या अंदाजाने होतं. आम्ही फोन केला होता, पण वर शहाणपणा करून दशम्यांचा डबा, फरसाण आणि पाण्याच्या बाटल्यांचा खोकाही नेला होता. काकूंनी डबा पाहिला. "घरनं आणलंय व्हय? आमी काय उपाशी ठेवणार हुतो का काय?" एवढंच बोलल्या, पण ते लागलं. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा आणि चुलीवरचा भात खाताना डब्याचं नाव कुणी काढलं नाही. त्यांच्या घरी राहायचं आणि जेवण शहरातून न्यायचं, म्हणजे त्यांनी आपल्याला फक्त अंथरूण पुरवायचं. ते काही खरं नाही.

सकाळी लवकर उठून आधी वनखात्याच्या कार्यालयातून परवानगी घ्यायची. ओळखपत्र जवळ ठेवा. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, आणि 2010 पासून हा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. त्यामुळे गडावर मुक्काम नाही, आणि पावसाळ्यात वाट बंद. परवानगीनंतर बोट. बोट आख्खी ठरवावी लागते, माणसं तीन असोत की दहा. आम्ही अर्धा तास थांबलो, कराडची पाच पोरं आली, खर्च वाटून घेतला.

आमच्या नावाड्याने दोरी सोडता सोडता हिशेब सांगितला. रविवारी समद्या बोटी पाण्यात. मधल्या वारी मात्र नंबराची वाट बघत बसायचं. "तुमी बुधवारी आला म्हून आज माजी बोट निघाली." आपण आडवारी जातो ते गर्दी टाळायला, म्हणजे स्वतःच्याच सोयीला. आपल्या एका खेपेने एखाद्याचा रिकामा दिवस भरतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

तासाभराचा हा पाण्यावरचा प्रवास मला किल्ल्यापेक्षा जास्त आवडतो. कोयना धरणाचा हा शिवसागर जलाशय. धरणात 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाणी मावतं असं आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. एका वळणावर नावाड्याने वल्ह्याने पाण्याकडे खूण केली. "हितं आज्याचं वावर." खोऱ्यातली कित्येक गावं अशीच बुडाली. माणसं कुणी रायगड-ठाण्याकडे गेली, कुणी सोलापूर-सांगलीकडे. म्हणजे आमच्या जिल्ह्यातही यांचे भाऊबंद आहेत. जी मागे राहिली, त्यांच्या हाती आता बोटी. लेकीने नंतर बराच वेळ पाण्यात हात घातला नाही.

गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीला बोटीतून उतरल्यावर सामानातलं प्लास्टिक मोजून अनामत घेतात. आमचा तो बाटल्यांचा खोका! एकेक बाटली, एकेक पुडा मोजताना मागची रांग खोळंबली. गडावरून परत आल्यावर एक बिस्किटाचा कागद कमी भरला. मेहुण्याच्या खिशात असेल म्हणून त्याचे सगळे खिसे उलटे केले, मिळाला नाही. अनामत गेली, आणि जायलाच हवी होती. तुम्ही धातूच्या बाटल्या आणि कापडी पिशव्या न्या. पाणी खाली मारुतीच्या देवळाजवळच्या ओढ्यावर भरून घ्या.

चढ दाट झाडीतला, दोन-अडीच तासांचा. गप्पा हळू मारा, स्पीकर तर आणूच नका. इथं गवे आहेत, अस्वलं आहेत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू सोबत ठेवा. माथ्यावर महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं आणि बाबूकडा. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी पोरं ज्या करामती करतात त्या बघवत नाहीत. पेशव्यांच्या सेनापती बापू गोखल्यांना इथं झुंजवणाऱ्या ताई तेलिणीची गोष्ट मी लेकीला टाक्यापाशी सांगितली. पूर्ण व्हायच्या आतच "ती जिंकली का?" असा प्रश्न आला. जिंकली नाही, पण तिने किल्ला बरेच महिने लढवला, यावर तिचं समाधान झालं नाही.

दुपारी दोनच्या आत उतरायला लागा. अंधाराआधी बोट परत लागली पाहिजे, आणि नावाडी दिवसभर तुमच्यासाठीच किनाऱ्यावर बसून असतो. त्याच्या जेवणाचं आधी विचारून ठेवा. आम्ही विसरलो होतो.

निघताना काकूंकडून दोन किलो नाचणीचं पीठ घेतलं. भाव करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मेहुण्याने कोपर मारलं. दशम्या तशाच परत आल्या. आईने डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि गाईला घालायला बाजूला ठेवला.