फुटलं ते दिसलं, का फुटलं ते लेखी द्या

औशात आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे. सोयाबीनच्या बॅगेला टॅग असतो, त्यावर लॉट नंबर आणि उगवणशक्ती छापलेली. पेरलेलं उगवलं नाही की शेतकरी तो टॅग घेऊन थेट काउंटरवर येतो. 2020 च्या खरिपात असे टॅग ढिगानं आले. त्यामुळे कंपनी तोंडानं काय बोलते याला मी फारशी किंमत देत नाही.

भाच्याला मात्र रॉकेटचं वेड. 20 एप्रिल 2023 ला स्पेसएक्स या अमेरिकेतल्या खाजगी कंपनीचं स्टारशिप रॉकेट उडाल्यावर चारेक मिनिटांत फुटलं. कंपनीनं ते थेट दाखवलं, तिथली माणसं टाळ्याही वाजवत होती. "मामा, एवढं खरं कोण दाखवतं?"

अरे, त्यात माणूस नव्हता, आणि फुटू शकतं हे आधीच सांगून ठेवलं होतं. खरी परीक्षा 2019 सालची. 20 एप्रिललाच (तारीख बघा कशी जुळते) अमेरिकेत केप कॅनाव्हेरलला याच कंपनीचं ड्रॅगन यान जमिनीवरच्या चाचणीत फुटलं. अंतराळवीरांना नेणार होतं त्याच जातीचं हे यान, पैसा नासाचा, म्हणजे तिथल्या करदात्यांचा. लांबून नारिंगी धूर दिसला, एक व्हिडिओ बाहेर फुटला, आणि कंपनीचं निवेदन काय, तर चाचणीत 'विसंगती' आढळली! यान नष्ट झालं एवढं उघड कबूल करायला 2 मे उजाडला.

पुढचं मात्र मला आवडलं. जुलैत त्यांनी कारण सांगितलं: गळलेलं नायट्रोजन टेट्रॉक्साइड (इंधन जाळायला लागणारं रसायन) हेलियमच्या नळीत शिरलं, दाबानं टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर आदळलं आणि पेट घेतला. तो व्हॉल्व्ह काढून तिथं बर्स्ट डिस्क, म्हणजे ठराविक दाबालाच फुटून वाट देणारी चकती, बसवली. मे 2020 मध्ये दोन माणसं त्या जातीच्या यानातून वर गेली. मला असा हिशेब हवा. कुठला भाग, का गेला, बदलून काय घातलं.

आता आपल्याकडंही खाजगी रॉकेटं आली. हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस नोव्हेंबर 2022 मध्ये श्रीहरिकोट्याहून उडालं. मी म्हटलं, परवाना देतानाच इन-स्पेसनं (खाजगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था) अट घालावी, अपयशाचा अहवाल लोकांपुढं ठेवायचा. त्यावर भाचा म्हणाला, "मग इस्रोला का नाही विचारत? 18 मे 2025 ला त्यांचं पीएसएलव्ही-सी61 रॉकेट तिसऱ्या टप्प्यात बिघडलं, त्याचा सविस्तर अहवाल तुम्ही वाचला का?"

नाही वाचला, तो लोकांपुढं आलेलाच नाही. मग इस्रोलाही तीच अट लावा की!