एफ लिहिलं ते मनापासूनच

"गेम खेळता ते समजलं, पण दिवसभर त्यांचे मीम कसले पाठवत बसता? कुठलीच गोष्ट गांभीर्याने घेता येत नाही का तुम्हाला?" हे मला ऑफिसात विचारून झालंय, घरी विचारून झालंय, दूरच्या नातेवाइकांनीही विचारून झालंय. दरवेळी मी "असंच, गंमत" म्हणून विषय संपवायचे. आता तसं म्हणणार नाही, कारण ते खरं नाही.

गेम बहुतेकदा एकटीनेच खेळायचा असतो. 'डार्क सोल्स' मध्ये त्याच राक्षसाकडून पुन्हा पुन्हा मरायचं, दरवेळी पडद्यावर 'यू डाइड' ही लाल अक्षरं बघायची आणि सकाळी उठून कामाला जायचं. त्या रात्रीचं काय झालं हे सांगणार कुणाला? ज्याने ती अक्षरं बघितली आहेत त्यालाच. मग एखाद्या दिवशी मीटिंगमध्ये आपली सगळी मेहनत पाण्यात जाते, आपण मित्राला फक्त ती लाल अक्षरं पाठवतो आणि त्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. माझी अर्धी मैत्री अशी जुळलेली आहे. तिला पोरखेळ म्हटलं की मला राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक मित्र होता. 'हॉलो नाइट' चा पुढचा खेळ 'सिल्कसाँग' फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झाला आणि मग वर्षानुवर्षं त्याचा पत्ताच नव्हता. नव्या गेमच्या घोषणांचा कुठलाही कार्यक्रम असला की जगभरचे चाहते आशा लावून बसायचे, निराश व्हायचे आणि पुन्हा फसलो म्हणून स्वतःवरच हसत जोकरचा मेकअप केलेली चित्रं टाकायचे. हा मित्र त्यात सगळ्यांच्या पुढे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी नुसता पांढरा चेहरा, मध्यावर लाल नाक, संपला की रंगीत केसांचा टोप. कामाने पिचून गेलेल्या आठवड्यातही त्याने हे कधी चुकवलं नाही. आम्ही त्याची वाट बघायचो, गेमची नंतर.

तो अपघातात गेला. त्याच्या मोठ्या बहिणीने त्याच्याच फोनवरून ग्रुपवर दोन ओळींत कळवलं. काही क्षण कुणीच काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, 'एफ'. दुसऱ्याने, तिसऱ्याने, मी. बघता बघता सगळा पडदा त्या एका अक्षराने भरला.

थोड्या वेळाने ताईंचा मेसेज आला. "माझा भाऊ गेलाय आणि तुम्ही एकेक अक्षर टाकताय? तुमच्यासाठी हाही विनोदच आहे का?"

मी त्यांना लांबलचक लिहिलं. 2014 सालच्या एका 'कॉल ऑफ ड्यूटी' गेममध्ये लष्करी अंत्यसंस्काराचा प्रसंग आहे. मित्राच्या शवपेटीजवळ जायचं आणि कॉम्प्युटरवर खेळत असाल तर आदर व्यक्त करायला एफ दाबायचं. दुःख करायला बटण! तेव्हा जो तो त्यावर हसला, मीही हसले. पण वापरता वापरता त्यातलं हसू मागे पडत गेलं. कुणाचा सेव्ह केलेला गेम उडाला, एफ. कुणाची मुलाखत फसली, एफ. कुणाची नोकरी गेली, तेव्हा ते लिहिताना कुणीच हसत नव्हतं. ताईंच्या भावाने स्वतः कितीतरी जणांच्या वाईट दिवसांत ते लिहिलं होतं. त्याच्यासाठी आमच्याकडे याहून आपलं असं काही नव्हतं.

त्यांचं उत्तर आलं, "तुम्हाला तसं वाटत असेल. मला ते वाचताना जे झालं ते झालं."

यावर मला आजही बोलता येत नाही. आधी मी तावातावाने म्हणायचे की लोक 'भावपूर्ण श्रद्धांजली' कॉपी करून डकवतात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही, मग आम्हालाच का? हा मुद्दा मला अजूनही पटतो. ज्याला आमचं कळत नाही त्याने समजून घ्यावं, असंही मी म्हणायचे. ते मात्र आता म्हणवत नाही. ज्या विनोदाने आम्ही इतके जवळ आलो, तो बाहेरच्या माणसाला बाहेरच ठेवतो, आणि त्या दिवशी बाहेर उभी होती ती त्याची सख्खी बहीण. त्या अवस्थेत तिने आमची भाषा शिकावी अशी अपेक्षा कोण करेल?

'सिल्कसाँग' 4 सप्टेंबर 2025 ला आला. एकदम इतकी गर्दी उसळली की स्टीमसकट गेम विकणारी बरीच ऑनलाइन दुकानं काही काळ कोलमडली. ग्रुपवर जल्लोष झाला आणि त्यातच कुणीतरी त्याचं टोपवालं चित्र टाकलं. खाली पुन्हा तेच अक्षर, एकाखाली एक. त्याचा नंबर ग्रुपमध्ये अजून आहे. तो फोन ताईंकडे आहे की बंद, मला माहीत नाही. एकाने विचारलं, ताईंना हे सांगायचं का? त्यावर आमच्यात बराच वाद झाला. मी म्हटलं, राहू द्या, हे त्याचंच आहे. दुसरी मैत्रीण म्हणाली, ते त्यांचंही आहे. चित्र आम्ही ग्रुपवरून काढून टाकलं नाही. तिचं म्हणणंही मला खोडता आलेलं नाही.