आमची वाटचाल : बर्फाआधी वाळू

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दहा बाय बाराचं दुकान आहे. खाली दोर, हार्नेस, हेल्मेटं विकतो, भाड्यानेही देतो. वर पोटमाळ्यावर वर्ग भरतो. इथून बर्फ बघायला दोन दिवसांचा प्रवास करावा लागतो, मग हिमस्खलनाचं शिक्षण कोकणात कशाला, असं पहिल्या दिवसापासून लोक विचारत आलेत. माझं उत्तर २०१४ सालच्या फेब्रुवारीतलं आहे.

एका सहल कंपनीबरोबर आम्ही अठरा जण हिमाचलात हिवाळी ट्रेकला गेलो होतो. दोन दिवस सलग बर्फ पडून नुकतं ऊन आलं होतं. एका उघड्या उतारावरून आम्ही एकामागोमाग एक, अगदी चिकटून चाललो होतो. मध्येच पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला. उतार क्षणभर खाली बसला, आणि आमच्या डोक्यावर पंधरा-वीस फुटांवर एक बारीक तडा लांबवर पळत गेला. बर्फ सुटला नाही, एवढंच. गाइड म्हणाला, "होता है, चलते रहो." आम्ही चालत राहिलो.

पुढे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला, मिळेल ते वाचलं, तेव्हा त्या आवाजाचा अर्थ लागला. खालचा कमकुवत थर दबला की वरचा जड थर एकदम खाली बसतो. याहून उघड इशारा डोंगर देत नाही. आमच्यातल्या एकाकडेही ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेला माणूस शोधायला अंगावर बांधायचं लहरी सोडणारं-पकडणारं यंत्र, नव्हता की फावडं नव्हतं. अठरा जणांच्या घरी काय कळवलं गेलं असतं, हा विचार अजून माझा पाठलाग सोडत नाही.

२०१६ मध्ये मी आणि माझ्या मावसभावाने सुरुवात केली. पहिली दोन वर्षं शाळांच्या शिबिरांवर निघाली: गाठी, बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं), कातळावरचं चढणं, हिवाळ्यात रसाळगड-सुमारगड-महिपतगडाची वाट. पावसाळ्यात धबधब्याखाली रॅपलिंग करा म्हणून खूप मागणी यायची आणि पैसाही चांगला होता. आम्ही केलं नाही. वरून कधी दगड येईल आणि पाणी कधी वाढेल हे ज्याच्या हातात नाही, त्याने दुसऱ्याच्या मुलाला दोरावर लटकवू नये, हे आमचं तेव्हाही मत होतं, आजही आहे. गिऱ्हाईक गेलं ते गेलं.

बर्फाचा वर्ग आईच्या जुन्या पाटावर सुरू झाला. पाटावर खरखरीत फडकं ताणून लावायचं, त्यावर साखरेचा पातळ थर, त्यावर तांदळाचं पीठ घालून हाताने घट्ट थापायचं. मग एका बाजूने पाट हळूहळू उचलायचा आणि कोनमापक धरायचा. वीस अंशांवर काही होत नाही. पंचविसावर मुलं कंटाळतात. तिशी ओलांडली की पिठावर आडवी रेघ उमटते आणि अख्खी वडी एकदम निसटते. जीवघेणी स्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, हे फळ्यावर लिहून लक्षात राहत नाही. त्या रेघेने राहतं. पाट तिशीला धरून वरून बोटाने जरासं दाबलं तरी तेच होतं. अपघातांत दहापैकी नऊ वेळा बर्फ सुटतो तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच वजनाने.

शोधाचा सराव गुहागरच्या पुळणीवर होतो. सुरूच्या बनालगत, भरतीच्या रेषेवर कोरड्या वाळूत आम्ही डब्यात ठेवलेला चालू ट्रान्सीव्हर हातभर खोल पुरतो. दुसरा ट्रान्सीव्हर शोधावर टाकून मुलं धावतात. यंत्रावरच्या बाणामागे जायचं, अंतराचा आकडा उतरत जातो. शेवटच्या तीन मीटरांत यंत्र जमिनीला टेकवून, त्याची कूस न बदलता, आडवं-उभं सरकवत फिरायचं, आकडा सर्वांत लहान तिथे प्रोबची लांब सळई टोचायची. वाळूत सळई सरसर जाते, डब्यावर आपटली की मनगटाला कळतं. एकदा एका मुलाचा आकडा सारखा उड्या मारत होता. छातीच्या खिशात मोबाईल निघाला. ४५७ किलोहर्ट्झच्या त्या क्षीण लहरीला शेजारचा मोबाईल पुरेसा अडथळा आणतो. जाळं ओढायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "सोनं हरवलंय काय रे पोरांनो?" मावसभाऊ म्हणाला, "माणूस शोधतोय, आजोबा." ते तिथेच बसून शेवटपर्यंत बघत राहिले.

घड्याळ लावलेलं असतं. गाडलेल्या माणसाला पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुतेक वेळा वाचतो. ३५ मिनिटांपर्यंत ते प्रमाण साधारण एक तृतीयांशावर येतं. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही. काढायचं ते सोबत्यांनीच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात छतापर्यंत चढलं. चिखल उपसताना सगळे दोर मिळाले, धुतले असते तर नव्यासारखे दिसले असते. पण त्या पाण्यात डिझेल होतं, गाड्यांच्या बॅटऱ्यांचं ॲसिड होतं, आणि ॲसिड नायलॉनला आतून खातं. वरून काही दिसत नाही. अर्ध्या किमतीत घ्यायला माणसं आली होती. आम्ही ओट्यावर बसून एकेक दोर दोन-दोन हातांचे तुकडे करून कापला, म्हणजे कोणी चढायला वापरूच नये. काही तुकडे गोठ्यांत दाव्याला गेले. कर्ज अजून फेडतोय.

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. आम्ही मदतीला फावडी घेऊन गेलो होतो. परतताना गाडीत कोणी बोललं नाही. त्यानंतर कामाची दिशा दरडीकडेही वळली. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर ज्या संस्थेत मी शिकलो तिथलेच प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. शिकलेली माणसंही डोंगरापुढे उघडीच असतात, हे पालकांपासून लपवणं मला जमत नाही. वर्गात पहिल्या तासाला ते सांगतो.

बर्फाच्या वाटेवर पहिला प्रश्न असतो : गेल्या चोवीस तासांत किती पडलं? डोंगराखालच्या वाडीतही तोच विचारायचा. सरळ भिंतीचा डबा अंगणात उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी आठला पट्टीने मिलिमीटर मोजायचे आणि वहीत लिहायचे. सोबत चार गोष्टी बघायच्या : वरच्या जमिनीत भेगा, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, खांब-झाडं कललेली, दार चौकटीत अडकायला लागलेलं. यातली एक जरी दिसली तरी वाडी त्या रात्री शाळेत झोपायला जाते. हे ठरवणारी माणसं वाडीतलीच असतात. आम्ही वही, डबा आणि पट्टी देतो, त्याचे पैसे घेत नाही.

यंदा बारा वाड्यांत डबे आहेत. नऊ ठिकाणी नोंद बायका ठेवतात. एका वहीत १९ जुलैच्या ओळीपुढे लिहिलंय : "झरा लाल. रात्री शाळेत गेलो. सकाळी परत."