वाळूत पुरलेली बॅब्स आणि बॉनेटवरची एलिनॉर

लंडनला पोचल्यावर लोक आधी काय बघतात माहीत नाही, आम्ही ब्रॉम्प्टनचं कबरस्तान गाठलं. बायको वैतागली, सुट्टीत कोणी कबरी बघत फिरतं का वगैरे, पण जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या माणसाशी लग्न केलंय म्हटल्यावर हे होणारच होतं. तिथे पर्सी लँबर्ट आहे. १५ फेब्रुवारी १९१३ ला या माणसाने टॅल्बट गाडी घेऊन एका तासात १०० मैलांच्या वर अंतर कापलं, जगात पहिल्यांदा, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ब्रुकलँड्सच्या त्याच ट्रॅकवर टायर फुटून अपघातात वारला. कबरीवर मध्येच तुटलेला दगडी खांब आहे, अर्धवट राहिलेल्या आयुष्याची खूण म्हणून. बघितलं, नमस्कार केला, निघालो.

दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक. वॉटर्लूहून वेब्रिजची लोकल पकडायची आणि स्टेशनवरून चालत जायचं, ब्रुकलँड्स. १९०७ साली उघडलेला, खास मोटारींच्या रेससाठी बांधलेला जगातला पहिला ट्रॅक. ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने बांधायला घेतला, खर्चाने आणि कटकटींनी तो आजारी पडला आणि मग बायको एथेलने काम पुरं करून घेतलं, उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यात पुढची गाडीही तिनेच चालवली. (हे वाचून आमच्याकडे जरा सहानुभूतीचं वातावरण तयार झालं.) १९३९ ला रेसिंग बंद झालं ते झालंच, विमानांच्या कारखान्यासाठी ट्रॅक मध्ये मध्ये तोडला. पण मेंबर्स बँकिंगचा, म्हणजे वळणावरच्या उंच तिरक्या रस्त्याचा, तुकडा अजून उभा आहे. काँक्रीटचा तो उतार फोटोत बघून काहीच कळत नाही, खाली उभं राहून मान वर करावी लागते तेव्हा कळतं की पातळ टायर आणि नावापुरते ब्रेक घेऊन ही माणसं या भिंतीवरून गाड्या पळवायची.

म्युझियममध्ये व्हॉलंटियर लोक आहेत, बहुतेक रिटायर्ड, हाताला ग्रीस. एक आजोबा ऑस्टिन सेव्हनचं बॉनेट उघडून बसले होते, त्यांच्याशी जे बोलणं सुरू झालं ते चहापर्यंत गेलं. गाडी त्यांची नाहीच, मित्राची, मित्र वारला आणि गाडी पोराला नको होती म्हणून क्लबातल्या काही जणांनी मिळून घेतली, आता आळीपाळीने चालवतात. अंत्ययात्रेलाही पुढे तीच गाडी होती आणि मागे क्लबच्या बाकीच्या. मी विचारलं त्रास देते का, तर म्हणाले, खूप देते, चोक कुठे किती ओढायचा हे फक्त त्यालाच माहीत होतं आणि तो सांगून गेला नाही, त्यामुळे थंडीत सुरू करताना रोज त्याला शिव्या घालतो. हसले. दरवर्षी पेपरात फोटो छापून दिलेल्या श्रद्धांजलीपेक्षा मला हे जास्त आवडलं खरं सांगायचं तर.

पण मी मुख्यतः गेलो होतो बॅब्ससाठी. ही वेगाचा रेकॉर्ड केलेली जुनी गाडी, बरीच वर्षं उन्हाळ्यात वेल्समधल्या पेंडाइनच्या म्युझियमला आणि हिवाळ्यात ब्रुकलँड्सला असा तिचा मुक्काम असायचा, म्हणून आम्ही थंडीतच गेलो. तिची गोष्ट थोडक्यात सांगतो, थोडक्यात होणार नाही पण तरी. काउंट लुई झ्बोरोव्स्कीने विमानाचं २७ लिटरचं लिबर्टी इंजिन टाकून एक अवाढव्य गाडी बनवली, १९२४ ला तो मोन्झाच्या रेसमध्ये अपघातात वारला, आणि ती गाडी जे. जी. पॅरी-थॉमसने १२५ पौंडांना घेतली. हा थॉमस म्हणजे लेलँडचा चीफ इंजिनिअर, रेसिंगच्या नादाने चांगली नोकरी सोडून ब्रुकलँड्सच्या आवारातच एका बंगलीत राहायला आलेला. त्याने गाडीवर बरंच काम केलं, नाव ठेवलं बॅब्स, आणि एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनच्या समुद्रकिनाऱ्यावर ताशी १७० मैलांच्या वर जाऊन लँड स्पीड रेकॉर्ड, म्हणजे जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्पबेलने तिथेच तो मोडला. ३ मार्चला थॉमस रेकॉर्ड परत घ्यायला गेला आणि गाडी उलटून जागीच गेला. ड्राइव्हची चेन तुटून लागली असं बरीच वर्षं मानलं जायचं, नंतर चाकच आधी तुटलं असावं असंही मत पुढे आलं.

त्याला बायफ्लीटच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरलं, ट्रॅकपासून जवळच. आणि गाडीला तिथेच किनाऱ्यावर खड्डा खणून वाळूत पुरलं. त्या लोकांचं मला समजतं. ज्या गाडीत आपला माणूस गेला ती परत कोणी चालवायची नाही, विकायची नाही, प्रदर्शनात ठेवून पैसे कमवायचे नाहीत. संपला विषय.

चाळीस-बेचाळीस वर्षं संपलेलाच होता. मग १९६९ ला ओवेन विन ओवेन नावाचे वेल्समधले इंजिनिअरिंगचे एक मास्तर परवानग्या मिळवून (तो किनारा आता मिलिटरीच्या ताब्यात) गाडी खणून काढतात. काहींना ते अजिबात पटलं नव्हतं, कबर उकरल्यासारखं वाटलं. वर आला तो खाऱ्या पाण्याने खाल्लेला सांगाडा, त्यातून त्यांनी किती तरी वर्षं घालवून चालणारी गाडी उभी केली. ओवेन २०१२ ला गेले, आता बॅब्सचं नाव निघालं की थॉमसबरोबर त्यांचंही निघतं.

मी गाडीसमोर बराच वेळ उभा होतो. पुरणं बरोबर की काढणं बरोबर यावर गाडीवाल्यांत अजून वाद होऊ शकतो, माझं मत काढणाऱ्याच्या बाजूने आहे. पुरलं ते थॉमसला ओळखणाऱ्यांनी, त्यांना विसरायचं होतं. काढलं ते त्याला कधी भेटण्याचा संबंधच नव्हता अशा माणसाने. या छंदात हे सारखं दिसतं, न भेटलेल्या माणसासाठी लोक आयुष्य घालतात. संध्याकाळी बायफ्लीटला कबरीवर जाऊन आलो, साधी आहे.

ब्यूलीला एक आख्खा दिवस ठेवला होता आणि तो कमी पडला. वॉटर्लूहूनच ब्रॉकनहर्स्टपर्यंत ट्रेन, पुढे न्यू फॉरेस्टमधून टॅक्सी, वाटेत रस्त्याच्या मधोमध घोडे उभे, हॉर्नला भीक घालत नाहीत. इथे नॅशनल मोटर म्युझियम आहे, अडीचशेच्या वर गाड्या. सुरुवात मात्र १९५२ ला पॅलेस हाऊसच्या हॉलमध्ये मांडलेल्या मोजक्या गाड्यांनी झाली. लॉर्ड एडवर्ड माँटेग्यूने वडलांच्या आठवणीसाठी मांडल्या. वडील जॉन माँटेग्यू इंग्लंडमधल्या मोटारींच्या पहिल्या पुरस्कर्त्यांपैकी, १८९९ ला पार्लमेंटच्या आवारात स्वतःची डेमलर घेऊन गेलेले, १९०२ ला मोटारींचं मासिक काढलेले. ते १९२९ ला वारले तेव्हा एडवर्ड दोन वर्षांचा. म्हणजे बापाचा चेहराही आठवत नसणार आणि त्याच्यासाठी एवढं उभं केलं.

तिथेच कॅम्पबेलची सनबीम आहे, १९२५ ला पेंडाइनला ताशी १५० मैलांचा आकडा ओलांडलेली. १९९३ ला तिचं इंजिन चालवून दाखवताना बिघडलं, म्युझियमच्या वर्कशॉपने सवडीसवडीने सगळं परत बनवून २०१४ ला सुरू केलं, आणि २०१५ मध्ये कॅम्पबेलचा नातू ती पेंडाइनच्या वाळूवर चालवून आला. काचेआड ठेवली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं.

आणि एलिनॉर थॉर्नटन. रोल्स रॉइसच्या बॉनेटवर पुढे झुकलेली ती बाई सगळ्या जगाला माहीत, ती मूर्ती चार्ल्स साइक्सने १९११ ला केली आणि मॉडेल एलिनॉर होती असं बहुतेक सगळे मानतात. ती जॉन माँटेग्यूची सेक्रेटरी, मासिकाचं काम बघायची, दोघांचं प्रेम होतं, तो लग्न झालेला, तेव्हा जाहीर काही नाही. त्याने स्वतःच्या गाडीसाठी साइक्सकडून आधी एक वेगळी मूर्ती करून घेतली होती, ओठांवर बोट ठेवलेली, तिचं नाव द व्हिस्पर. गाडीवेड्यांमध्ये गप्प राहण्याचा इशारासुद्धा रेडिएटरवर लावतात, काय बोलणार.

डिसेंबर १९१५ मध्ये माँटेग्यू युद्धकामासाठी भारतात निघाला, मुंबईला येणाऱ्या एस. एस. पर्शिया बोटीने. एलिनॉर सोबत होती. ३० डिसेंबरला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बोट बुडवली, ३४० च्या वर माणसं गेली, एलिनॉर गेली. माँटेग्यू दिवसाहून जास्त वेळ फुटक्या होडीत तग धरून वाचला आणि परतला तोवर पेपरांत त्याचे मृत्युलेख छापून झाले होते.

ब्यूलीच्या चर्चमध्ये त्याने लावलेली पाटी आहे. त्यात आधी स्वतः चमत्काराने वाचल्याबद्दल कृतज्ञता आणि मग पंधरा वर्षं निष्ठेने सेवा केलेल्या एलिनॉरच्या स्मरणार्थ असा मजकूर. मला वाटलं त्या काळात घरच्या चर्चमध्ये एवढं लिहिणंही धाडसाचंच. बायकोने पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, तो वाचला कसा? मी सांगितलं की अंगात हवा भरायचं जाकीट घातलं होतं, गीव्ह कंपनीचं, त्या वेळी नवीनच निघालेलं.

"मग एकच घेतलं होतं का?"

यावर ब्रॉकनहर्स्टपर्यंत आमचं भांडण चाललं. मी जॉन माँटेग्यूची बाजू घेत होतो, रस्ते सुधारले, कायदे करून घेतले, पोराने म्युझियम काढलं, आणि ती म्हणत होती की ते सगळं ठीक आहे रे, जाकिटाचं बोल.