तिकीट कालाकुंडापर्यंतच

श्रावणातल्या एका रविवारी सकाळच्या गाडीने इंदूरहून निघून आम्ही महूला उतरलो. स्थानकाच्या पाटीवर आता डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे. रिक्षावाल्यांच्या आणि आमच्या आईच्या तोंडी मात्र अजून महूच आहे. तिथून रिक्षाने पाताळपाणी गाठले आणि रुंद काचांच्या हेरिटेज गाडीत जागा धरली.

ही गाडी जेमतेम १० किलोमीटर धावते. धबधब्यापाशी थांबते, चार बोगद्यांतून घाट उतरते आणि कालाकुंडाला तिचा रस्ता संपतो. डब्यातली बहुतेक मंडळी छायाचित्रे काढण्यात दंग होती आणि चोरल नदीचे ते हिरवे खोरे पाहता त्यांना दोष देववत नाही. मला मात्र राहून राहून वाटत होते की हा रस्ता मुळात सहलीचा नव्हेच. आमच्यासाठी तो अकोटच्या मावशीकडे जाण्याचा रस्ता होता. जयपूरहून निघून इंदूर, खंडवा, अकोला करत दक्षिणेकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मीटरगेजवरून, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवरून, जात असे आणि आईच्या माहेरचे सारे लोणची-पापड याच घाटाने इंदूरला चढून आले.

हा घाट बांधला गेला तो तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. संस्थानिकाने इंग्रजांना कर्ज देऊन आपल्या गावी रेल्वे आणावी, याचे आम्हा इंदूरकरांना अजून कौतुक आहे. चढण चाळीसास एक, म्हणजे ४० मीटर पुढे गेले की १ मीटर वर. शेजारी बसलेले महूचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी म्हणाले, ‘‘अहो, कालाकुंडाला मागे बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लावल्याशिवाय गाडी घाट चढतच नसे. बँकर लागेपर्यंत लोक कलाकंद घेऊन यायचे.’’

हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, करण्याचे काम रखडले आहे, आणि त्या विलंबाचे मूळ याच चढणीत आहे. मीटरगेजचे रूळ उचलून त्याच जागी १६७६ मिलिमीटरचे रूळ टाकले म्हणजे काम झाले, असे सपाटीवर चालते. इथे चालत नाही. जड मालगाड्यांना एवढी चढण झेपणार नाही, म्हणून पाताळपाणी ते बलवाडा हा मार्गच नव्याने, लांबचा वळसा घेऊन आणि नवे बोगदे खणून न्यावा लागतो. जमीन वनखात्याची असल्यामुळे परवानगीचा फेरा वेगळाच.

रतलाम–महू–खंडवा–अकोला या सुमारे ४७३ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. रतलामकडून महूपर्यंतचे काम २०१६ पर्यंत झाले. खंडव्याकडून निमारखेडीपर्यंतही रूळ पोहोचले आणि त्यांवरून सेल्दाच्या औष्णिक वीजकेंद्राकडे कोळसा जाऊ लागला. कोळशाला वाट आधी मिळाली, माणसांना नंतर. हे मला खटकते, पण त्यामागचा हिशेब कळतो. खाली अकोला ते अकोट गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. त्याच्या पुढे मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे. तिथला जुना मार्ग जंगलाच्या पोटातून, धूळघाटाच्या प्रसिद्ध वेढ्यावरून, म्हणजे गोल फिरून स्वतःलाच ओलांडणाऱ्या रुळांवरून, जात असे. नवा मार्ग जंगल टाळून बाहेरून न्यायचा ठरला. वाघांच्या वाटेतून रूळ काढले हे योग्यच झाले, मावशीकडे पोहोचायला आणखी काही वर्षे लागली तरी. महू ते ओंकारेश्वर रोड हा उरलेला मीटरगेज २०२३ च्या सुरुवातीला बंद झाला आणि त्यातला पाताळपाणी ते कालाकुंड एवढाच तुकडा पर्यटकांसाठी राखला गेला.

कालाकुंडाला उतरून पानाच्या द्रोणातला कलाकंद घेतला. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागेपर्यंत मी फलाटाच्या खंडव्याकडच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. निवृत्त गृहस्थही मागोमाग आले आणि त्यांनी पुढच्या स्थानकांची नावे ओळीने म्हणून दाखवली, चोरल, मुख्तियारा बलवाडा, बडवाह, जणू आत्ता घोषणाच करायची आहे.

पुढच्या महिन्यात मावसभावाच्या मुलीचे अकोटला लग्न आहे. भेरूघाटातून बसने खंडवा, तिथून भुसावळमार्गे अकोला आणि शेवटी अकोटची गाडी, असा बेत ठरला आहे. आईने फक्त एवढेच विचारले, ‘‘सामान कितीदा उतरवावे लागेल?’’