ओटी गळ्यात नसते

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज दिवसभर ओसरीत बसून शर्ट उसवला. बाबांचा जुना, फुल बाह्यांचा, टेरीकॉटचा. आईने तो तीन हंगाम पातळावरून घालून कापूस वेचला. पाठ उन्हाने एवढी विटली आहे की मूळ रंग कळायला कॉलरची शिवण उकलावी लागली. आत बोटभर पट्टी अजून गडद निळी निघाली. कफाच्या दुमडीत वाळक्या पाल्याचा चुरा सापडला आणि सरकीचा एक तुकडा. किती वेळा धुतला असेल हा शर्ट! चुरा कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. तो टाकवला नाही.

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचं माझं कलेक्शन सहा कपड्यांचं आहे, विषय 'वेचणी'. सगळं काम डिकन्स्ट्रक्शनचं. म्हणजे कपडा उसवायचा, तो अंगावर कशाच्या जोरावर उभा राहतो ते बघायचं आणि परत जोडताना शिवण, अस्तर, कच्चा काठ यातलं काहीच लपवायचं नाही. नागपूरला वर्गात जपानी डिझायनर रेइ कावाकुबोचा १९८२ चा भोकाभोकांचा काळा स्वेटर दाखवला, तेव्हा मला आमच्या धुऱ्यावरून ओळीने जाणाऱ्या बाया दिसल्या. पातळ, त्यावर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जेलाने १९९१ मध्ये लष्करी मोजे उसवून स्वेटर केला होता. मोज्याची टाच जिथे फुगीर असते, तो भाग त्याने छातीवर आणि कोपरावर आणला. जुन्या कपड्यात अंगाचा आकार आधीच बसलेला असतो, हे मी त्या टाचेवरून शिकले. आईच्या या शर्टाची उजवी बाही कोपरात कायमची वाकली आहे. ती इस्त्री करून सरळ करायची नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

कापूस आमच्या काळ्या मातीतला. तो जिनिंगला जातो, तिथून गाठी बांधून निघून जातो. आणि वेचणारीच्या अंगावर पॉलिएस्टर मिसळलेला टेरीकॉट, कारण तो लवकर वाळतो, लवकर फाटत नाही, स्वस्त पडतो. ही गोष्ट मला आत कुठेतरी लागते. म्हणून शर्टाची पाठ पूर्ण काढली आणि तिथे खादी लावली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, १९३८ पासूनच्या त्या जागेत, चरखे बघत मी एक अख्खी दुपार काढली होती. पाठीला हाताने कातलेल्या सुताचंच कापड लावायचं, हे तिथेच मनात बसलं.

दुसऱ्या कपड्यात, जॅकेटच्या डाव्या छातीवर, दोन पातळ थरांमध्ये कवडी, म्हणजे किडका कापूस, भरली आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा मी शाळेत होते. बोंडं उघडायचीच नाहीत नीट. उघडलीच तर आत पिवळट, घट्ट, चिकटलेल्या पाकळ्या. आई संध्याकाळी कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली चांगला कापूस एकीकडे आणि कवडी एकीकडे करत बसायची, आणि घरात कोणी बोलायचं नाही. ती छाती हाताला टणक लागते. तशीच लागायला हवी.

अडलं ते तिसऱ्या कपड्यात. ओटी, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची कापडी झोळी, मी डमीच्या गळ्यात अडकवली होती, दोन बंदांनी, समोर मोठी खोळ. फोटोत छान दिसत होती. आई शेतातून आली, हातपाय धुतले आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "हे गळ्याले काऊन लटकवलं वं? मान मोडन ना."

मग तिने जुन्या पातळाचा तुकडा घेतला. "पाय, अशी." दोन टोकं कमरेला, गाठ मागे, घट्ट. उरलेली दोन वर उचलून कमरेत खोचली. खोलीतल्या ढिगातला कापूस मी त्यात भरत गेले आणि ती उभी राहिली, थोडी मागे रेलून, पाय फाकवून. सगळं वजन कमरेच्या हाडावर. शर्टाचा पुढचा घेर वर चढला, मागचा चार बोटं खाली आला. मी इतकी वर्षं तिच्यामागे कापसाच्या ओळीओळीने चालले आणि हा घेर एकदाही पाहिला नव्हता. लाज वाटली, खरंच. लगेच पॅटर्नचा कागद काढला, मागची उंची वाढवली, बंद फाडून टाकले.

तिचं हे मागे रेलणं उद्या रॅम्पवर कुणी मुलगी चालून दाखवेल, ते मला चालेल का, हा विचार संध्याकाळपासून डोक्यात आहे. आईलाच विचारलं. ती म्हणाली, "चालू दे. पण ओटी भरून चालू दे, रिकामी नको."

सहाव्या कपड्यासाठी मला ती आता घालते तो शर्ट हवा आहे, पिवळ्या रेघांचा. मागितला. तिने बटणं लावत सांगितलं, "आता नाही. एक वेचा बाकी आहे. तो झाला का मंग ने."

सहावा कपडा तोवर कागदावरच. सकाळी सहाला तिच्यासोबत वावरात जायचं आहे. मोजपट्टी पिशवीत टाकली.