मस्टरवर नसलेले नाव

नववीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांवर आहे. लिखित, भौतिक, मौखिक आणि दृक्-श्राव्य असे चार प्रकार, प्रत्येकाची दोन-तीन उदाहरणे आणि शेवटी स्वाध्याय, अशा रीतीने मी तो अनेक वर्षे दोन तासिकांत संपवत आले. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या गावात मी शिकवते, तिथल्या प्रत्येक घरात बहात्तरच्या दुष्काळाची एखादी तरी आठवण आहे. म्हणून या वर्षी सोमवारी धडा शिकवून झाल्यावर मी मुलांना एक गृहपाठ दिला : घरातल्या किंवा शेजारच्या वृद्ध माणसाला त्या दुष्काळाबद्दल विचारायचे आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. त्याच तासाला मी असेही सांगितले होते की, लिखित साधनावर तारीख आणि सही असते, त्यामुळे ते आठवणीपेक्षा अधिक भरवशाचे. हे वाक्य मला त्याच आठवड्यात वर्गासमोर मागे घ्यावे लागले.

बुधवारी वह्या वाचताना वर्गात वाद झाला. काही आजोबांनी दुष्काळी कामे बहात्तरची सांगितली होती आणि काहींनी त्र्याहत्तरची, तेव्हा खोटे कोण बोलते, असा मुलांचा थेट प्रश्न होता. पाऊस १९७२ मध्ये दगा देऊन गेला, पण कामांवरची सर्वांत मोठी गर्दी १९७३ च्या उन्हाळ्यातली; त्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, हे सांगितल्यावर दोन्ही आजोबांचे म्हणणे खरे ठरले. मुले खूश झाली. मीही समाधानात होते, कारण साधने ताडून पाहायची असतात हे त्यांना आयतेच कळले होते.

शनिवारी सकाळच्या शाळेला एक मुलगा आपल्या आजीलाच घेऊन आला. तिचे बोलणे लिहिण्याचा वेग आपल्या हाताला नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. आजी खुर्चीवर बसायला तयार होईनात, शेवटी फळ्याजवळ सतरंजी अंथरली. खडी फोडणे, गावाच्या वरच्या अंगाला झालेल्या पाझर तलावाच्या भरावावर माती टाकणे, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि पदरात बांधून घरी आणायची सुकडी, हे सगळे त्या सहज सांगत होत्या. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "आजी, तुमचं नाव हजेरीत कसं लिहिलं होतं?"

"माजं नव्हतंच की," आजी म्हणाल्या. "मी तवा तेरा वर्साची, नवी नवरी. जाऊबाईला दिस गेलते. मुकादम म्हनला, नाव तिचंच राहू दे, पाटी तू उचल."

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे मस्टर खोटं?" सोमवारचे माझे वाक्य त्याच्या वहीत लिहिलेले होते आणि तो ते बोटाने दाखवत होता. मी ते वाक्य सर्वांना खोडायला सांगितले. मस्टर कोणी लिहिले, कशासाठी लिहिले आणि लिहिणाऱ्याची सोय कशात होती, हे विचारल्याशिवाय सही-शिक्क्याचा कागदही साधन म्हणून वापरता येत नाही, हे मी त्या दिवशी प्रथमच पुस्तकाबाहेर जाऊन शिकवले.

पण मुले तेवढ्यावर थांबली नाहीत. आजींना तरी बरोबर आठवते कशावरून, असे एकाने विचारले तेव्हा आजींना वाईट वाटेल म्हणून माझ्या पोटात गोळा आला. आजींनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. त्याचे नख मधोमध उभे दुभंगलेले आहे, घण निसटून बसलेला तो घाव आहे. मुले एकेक करून पुढे आली आणि त्यांनी तो अंगठा पाहिला. नातवाने तर घरी जाऊन आणखी शोध घेतला. जाऊबाईंच्या पोटी त्या वर्षी जन्मलेले त्याचे चुलत चुलते गावातच शेती करतात, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला त्याने सोमवारी आणला. जन्मतारीख १ जून १९७३. आजींच्या मते मात्र ते नागपंचमीला जन्मले. गावाकडे पहिलीत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहीत, हे मुलांना आपापल्या घरच्या कागदांवरून ठाऊक होते, त्यामुळे वर्ष दाखल्याचे आणि दिवस आजींचा, असा निर्णय वर्गाने बहुमताने नव्हे, तर कारणे देऊन केला. मला आजवर मिळालेले हे सर्वांत मोठे बक्षीस आहे.

राज्यशास्त्राच्या तासाला मग रोजगार हमीचा विषय आपोआप आला. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना, १९७७ चा राज्याचा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी आणि पुढे २००५ मध्ये देशभरासाठी झालेला कायदा, हे मी थोडक्यात सांगितले. हा कायदा असता तर आजींचे नाव मस्टरवर लागले असते का, असे एका मुलीने विचारले. नसते, कारण ही हमी प्रौढांसाठी, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे आणि आजी तेरा वर्षांच्या होत्या. ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या शनिवारी भूगोलाच्या सरांबरोबर आम्ही पाझर तलावावर गेलो. साठलेले पाणी जमिनीत मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना कसे उतरते, हे सरांनी भरावावर उभे राहून समजावले आणि मुलांनी दोरीने भरावाची लांबी मोजली. ज्या पाण्यात ती दर सुट्टीत डुंबतात, त्याच्या काठच्या दगडांना हात लावताना त्यांचे आवाज खाली आले होते. आजवर एकूण अकरा आजी-आजोबांच्या आठवणी लिहून झाल्या आहेत. त्या आठवणींच्या वहीत एका मुलीने स्वतःहून दोन रकाने आखले आहेत : मस्टरवरचे नाव आणि कामावरचे नाव. पहिल्या ओळीत दोन्ही जावांची नावे शेजारी शेजारी आहेत.